जत्रेतील पाहुणा आणि यजमान



या पुस्तिकेच्या आरंभीच्या पानांवर दर्शनाच्या वेळा, अभिषेकाची नोंदणी, भक्तनिवासातील व्यवस्था व वार्षिक उत्सवांच्या तिथी दिलेल्या आहेत. त्या माहितीत जे मावत नाही, अशा एका प्रश्नाविषयी येथे थोडे लिहीत आहे. संस्थानच्या कार्यालयातील खिडकीशी बसून पावत्या फाडण्याचे काम करीत असता हा प्रश्न वारंवार कानी पडतो. बाहेरगावचे भाविक विचारतात, "आपल्याकडची जत्रा कोणत्या तिथीला असते?" गंमत अशी की हा एकच प्रश्न दोन प्रकारची माणसे विचारतात. काहींना नेमके त्याच दिवशी यावयाचे असते, तर काहींना तो दिवस टाळून निवांत दर्शन घ्यावयाचे असते. मी दोघांनाही एकच तिथी सांगतो. परंतु मनात येते, की या दोघांपैकी अधिक योग्य कोण?

दुसऱ्या भाविकाचा पक्ष वरवर पाहता बिनतोड आहे. देव बाराही महिने आपल्या जागी उभा आहे. एखाद्या मंगळवारी दुपारी येणाऱ्यास गाभाऱ्यासमोर पाच मिनिटे शांतपणे डोळे मिटून बसता येते. जत्रेच्या दिवशी मात्र दोन तास रांगेत उभे राहून क्षणभर मुखदर्शन घडते न घडते तोच मागचा माणूस पुढे लोटतो. शिवाय भोंगे, धूळ, चपलांचा ढीग आणि पाळण्यावाल्यांचा गोंगाट. देवाची भेट हाच हेतू असेल तर शहाण्याने जत्रेचा दिवस टाळावा. हा विचार नवा नाही. देव तीर्थी शोधण्यापूर्वी अंतरात शोधा, असे आपल्या संतांनीच अनेक परींनी सांगितले. आश्चर्य हे, की तेच संत आषाढीला पंढरीच्या वाटेवर लाखांच्या गर्दीत चालत होते.

मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर, किंवा निदान त्याची दिशा, करोनाच्या काळात सापडली. मार्च २०२० मध्ये राज्यातील मंदिरे भाविकांसाठी बंद झाली, ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला उघडली. पुन्हा एप्रिल २०२१ मध्ये बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी उघडली. म्हणजे लागोपाठ दोन चैत्र जत्रेविना गेले. त्या दोन्ही वर्षी उत्सवाच्या दिवशी पहाटे काकडा झाला, अभिषेक झाला, वस्त्रे चढली, नैवेद्य दाखविला गेला आणि शेजारती झाली. विधीत तिळमात्र उणे राहिले नाही, याची कार्यालयीन नोंद मीच ठेवली आहे. तरीही सायंकाळी गावातील एक वृद्ध माउली बंद दाराबाहेरून हात जोडून मला म्हणाली, "यंदा जतराच नाही भरली, बाबू." देवाचे सर्व काही यथासांग झाले होते आणि जत्रा झाली नव्हती. तेव्हा ध्यानी आले, की जत्रा ही देवासाठी नसते. निदान केवळ देवासाठी नसते.

आपली भाषाही हेच सांगते. पूजा होते, आरती होते, दर्शन होते; जत्रा मात्र भरते. नदी भरावी, बाजार भरावा, शाळा भरावी, तशी ती माणसांनी भरते आणि पुढे पांगते. शिवाय 'जत्रा' हा शब्द 'यात्रा' याच शब्दाचे बोलीतील रूप होय, आणि यात्रेचा मूळ अर्थ जाणे. एक गाव एके ठिकाणी थांबून जे मांडते, त्याचे नाव मात्र तेथे चालून येणाऱ्यांवरून पडले आहे. येणारा नसेल तर जत्रा नाही आणि मांडणारा नसेल तरीही नाही. येणारा पाहुणा व मांडणारा यजमान, अशा दोघांची ती असते. मग जत्रेला येणाऱ्याने स्वतःस कोण समजावे, आणि त्याच्यावर कोणते देणे येते, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

आमच्या परिसरातील उदाहरणे घेऊन बोलावे हे बरे. वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातील गाव. उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस शेगाव. माघ वद्य सप्तमीस श्री संत गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावी प्रथम दृष्टीस पडले, ती ही तिथी. चैत्रात रामनवमी असते आणि भाद्रपदात ऋषिपंचमीस पुण्यतिथी; महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. या तिन्ही उत्सवांना गावोगावच्या भजनी दिंड्या पायी शेगावास जातात. वाटेवरची गावे त्यांच्यासाठी चहा, फराळ व पाणी घेऊन रस्त्यावर उभी राहतात. यातील पाण्याचे महत्त्व बाहेरच्या माणसास चटकन कळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील आमच्या तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारट, तोंडात धरवत नाही असे, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने येथील कितीतरी घरे पोळली आहेत. गोड्या पाण्याची एक घागर येथे पूर्वी कोसभर लांबून डोक्यावर आणावी लागे. अशा मुलखात अनोळखी वारकऱ्यापुढे भरलेला तांब्या धरणे म्हणजे काय, ते त्या घरच्या बायकांनाच ठाऊक. शेगावची टापटीप व स्वच्छता पाहून लोक थक्क होतात आणि तिचे श्रेय व्यवस्थापनास देतात. ते योग्यच आहे. पण त्या व्यवस्थेचा कणा म्हणजे गावोगावाहून आळीपाळीने येऊन झाडणारे, वाढणारे व चपला सांभाळणारे हजारो सेवेकरी. ते पाहुणे म्हणून निघतात आणि तेथे पोहोचताच यजमान होतात.

याच्या उलट चित्रही जवळच पाहावयास मिळते. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. ही प्रथा चंद्रभान महाराज वाघ यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली, असे सांगतात. सायंकाळी गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, कपाशी अशी अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात; ती पावसाळ्याचे चार महिने दर्शवितात. त्यावर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पुरी, पापड, भजी, वडा, कुरडई असे पदार्थ असतात. रात्री तेथे कोणी थांबत नाही. पहाटे त्या मांडणीत काय हलले, काय भिजले, काय नाहीसे झाले, हे पाहून पाऊसपाण्याचे व पिकांचे भाकीत सांगितले जाते.

या भाकिताविषयी माझे मत मी लपवू इच्छित नाही. कोणते वाण केव्हा पेरावे हे ठरविण्यासाठी अकोल्यास डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, हवामान खात्याचा अंदाज आहे. रात्रीतून धान्याचा दाणा सरकला म्हणून कोणी पेरणी लांबवू नये. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या प्रथेवर आक्षेप घेतात, तो विचारात घेण्यासारखा आहे. तरीही एका वर्षी मी स्वतः तेथे गेलो होतो आणि पहाटेच्या अंधारात उभा होतो. माझ्या बाजूच्या शेतकऱ्याने भाकीत ऐकले, मान डोलावली आणि शेजाऱ्यास विचारले, "तुये बी-बियानं झालं काय?" लगोलग दोघांत कोणत्या दुकानात उधारी मिळते, कोणाची बैलजोडी मोकळी आहे, कोणाच्या विहिरीस पाणी उरले आहे, अशी बोलणी सुरू झाली. जूनच्या तोंडावर जी धास्ती प्रत्येकजण आपापल्या घरात एकट्याने भोगत असतो, ती त्या शेतात सर्वांची झाली होती. मला वाटते, इतकी वर्षे ते शेत भरत आले आहे ते यासाठी. आमच्या मागे काही तरुण मंडळी मोटारीतून आली होती. त्यांनी मोबाईलवर छायाचित्रे काढली, "यंदा राजा कायम आहे का?" एवढे विचारले, हसली आणि निघून गेली. त्यांनी कोणाचे काही वाईट केले नाही, परंतु जे घडत होते ते त्यांना दिसलेच नाही. दुसऱ्याची काळजी ही आपली करमणूक झाली, याची जाणीवही त्यांस नव्हती.

जत्रेत करमणूक नसावी असे मात्र कोणी समजू नये. रहाटपाळणा, गोडी शेव, रेवड्या, बांगड्यांची दुकाने, कुस्त्यांचा फड, हे सर्व जत्रेचेच अंग आहे. वर्षभर राबणाऱ्या बाईने एक दिवस हौसेने हातभर बांगड्या भरल्या तर त्यात देवाचा अवमान तो कोणता? बुलडाणा जिल्ह्यातच पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि तिला हिंदू व मुसलमान दोन्ही समाज बरोबरीने जातात. तेथे नारळांची होळी पेटते. तिकडे जाऊन आलेली आमच्या गावची मंडळी आठवडाभर तिथल्या बाजाराच्याच गोष्टी सांगतात. सांगू द्यावे. मौजेने येणारा माणूस मला मुळीच परका वाटत नाही. आपण कोणाच्या तरी दारी आलो आहोत हे जो विसरतो, तो परका.

हे विसरण्याची किंमत कधी फार मोठी पडते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवी येथे काळूबाईच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविक मृत्यू पावले. नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग, अशी कारणे पुढे आली आणि व्यवस्थेतील त्रुटींची चौकशी झाली. व्यवस्थापनाचा दोष मी कमी लेखत नाही, कारण मी त्याच खुर्चीवर बसतो. तथापि विचार करता असे दिसते, की त्या गर्दीत दुष्ट हेतूने आलेला बहुधा एकही नसेल. प्रत्येकास लवकर दर्शन हवे होते, एवढेच. प्रत्येकाचा थोडासा उतावीळपणा निरुपद्रवी असतो. लाखांचा मिळून तो प्राणघातक ठरतो. म्हणून आमच्या रांगेत सेवेकरी "सावकाश, माउली" म्हणतात तेव्हा भाविकांनी रागावू नये. पुढच्या म्हातारीच्या पाठीवर आपला भार पडू न देणे हीदेखील त्या दिवसाची पूजाच आहे.

जत्रेत जाऊन दर्शनाशिवाय सर्व काही करणारा एक महापुरुष आपल्याच वऱ्हाडात होऊन गेला. देबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच संत गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव. देहावसान २० डिसेंबर १९५६. ज्या पूर्णेचे पाणी आमच्या मुलखातून वाहते, तिच्याच काठी अमरावती जिल्ह्यात ऋणमोचन येथे पौष महिन्यात रविवारची यात्रा भरते. बाबा तेथे येत. दिवसभर खराटा हाती घेऊन यात्रेकरूंनी केलेली घाण झाडावयाची आणि रात्री कीर्तनात माणसांच्या मनावरचा केर काढावयाचा, असा त्यांचा क्रम. पंढरपुरी त्यांनी धर्मशाळा उभारली, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे त्यांचे पाऊल वळले नाही, असे सांगतात. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने इतके यजमानपण निभावल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. बाबांच्या कीर्तनातील एक उपदेश सर्वश्रुत आहे: कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून देवाला जाऊ नका, त्यापेक्षा मुलांना शिकवा.

हा उपदेश मी पन्नास वेळा ऐकला होता आणि पटलाही होता. तो एके दिवशी माझ्याच टेबलासमोर येऊन उभा राहील, असे मात्र वाटले नव्हते.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नदीनाल्यांचे पाणी शेतांतून गेले आणि कितीतरी जमिनी अक्षरशः खरडून निघाल्या. वरची काळी माती वाहून जाऊन खाली दगडगोटे उघडे पडले. पुढील चैत्रात आमच्या जत्रेची तयारी सुरू झाली. रोडगे आणि वांग्याची भाजी हा आमचा महाप्रसाद. त्यासाठी गावातील घराघरांतून गहू येतो. एक शेतकरी गृहस्थ दरवर्षी एक पोते गहू देत आले आहेत. त्यांच्या वडिलांच्या काळापासूनची ही पद्धत. त्या वर्षी त्यांच्या रानात रब्बी पेरलीच गेली नव्हती, हे गावास ठाऊक होते. तरी ते सायकलवर पोते लादून कार्यालयाशी आले. पोत्यावर धान्य व्यापाऱ्याचा शिक्का होता. गहू विकत आणला होता, आणि तोही उधारीवर, हे न विचारता समजले.

मी पावती पुस्तक मिटून ठेवले आणि म्हटले, "भाऊ, यंदा राहू द्या. देव काही मोजत नाही. तुम्ही नुसते जेवायला या."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग सायेब, मी माह्याच गावात पावना म्हनून जेवाले येऊ काय?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी दयेने बोललो होतो, पण त्या दयेने मी त्यांना यजमानाच्या रांगेतून उठवून पाहुण्याच्या पंगतीत बसविले होते. ज्याच्याकडून काहीही घेतले जात नाही, तो त्या गावचा राहत नाही. पुराने त्यांची माती नेली होती. उरलेले मी नेत होतो. दुसरीकडे त्या पोत्यावरचा शिक्का मला दिसत होता. ते पोते घेतले असते, तर एका बुडालेल्या माणसाच्या कर्जात संस्थानने आपल्या हाताने भर घातली असती, आणि त्याच गव्हाचे रोडगे करून आम्ही गाडगेबाबांच्या प्रतिमेखाली पंगत मांडली असती. मान राखावा तर कर्ज वाढते, कर्ज वाचवावे तर मान जातो. अशा वेळी पुस्तकातील वचने दोन्ही बाजूंनी सापडतात.

मी त्यांना बसवून चहा मागविला आणि आमच्या वयोवृद्ध विश्वस्तांना बोलावून आणले. त्यांनी सर्व ऐकून घेतले व कपाटातील जुनी वही काढावयास सांगितली. त्या वहीत मोडीवळणाच्या अक्षरात जत्रेच्या वर्गणीचा मूळ ठराव आहे: घरामागे एक पायली गहू. विश्वस्त म्हणाले, "तुह्या बापानं कपाशी चांगली झाली त्या साली पोतं देलं, आन् मंग तेच चालू राह्यलं. रिवाज पोत्याचा नाही, पायलीचा हाय." मग पायली आणून, त्याच पोत्यातून काठोकाठ भरून घेतली. मी पावती लिहिली: गहू, एक पायली. गृहस्थांनी ती वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि उरलेले पोते सायकलवर चढवून निघून गेले. ते समाधानाने गेले की दुखावून, हे मला त्यांच्या पाठीवरून कळले नाही. उरलेला गहू त्यांनी त्याच दिवशी व्यापाऱ्यास परत नेऊन दिला, एवढे पुढे समजले.

हा निर्णय सर्वस्वी योग्य होता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जुन्या वहीत पायलीऐवजी पोतेच लिहिलेले असते तर आम्ही काय केले असते, हा विचार अजूनही मनात येतो. शिवाय वहीचा आधार मिळाला म्हणून आमची सुटका झाली. त्यांची अडचण होती तेथेच राहिली. फक्त एक गोष्ट आम्ही त्यानंतर बदलली. पूर्वी देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने फलकावर लिहिली जात. २०२४ च्या त्या जत्रेपासून गव्हाच्या वर्गणीचा फलक वेगळा केला असून त्यावर केवळ घरांची नावे असतात, मापे नसतात. काही मोठ्या देणगीदारांना हे रुचले नाही. त्यांना मी कार्यालयात बसवून चहा दिला.

बाहेरगावाहून जत्रेस येणाऱ्या भाविकांना पुष्कळदा संकोच वाटतो, की आपण या गावचे नाही, मग पंगतीत कसे बसावे? निःसंकोच बसावे. पानात रोडगा पडेल तो अशा पायल्यांतून आलेला असतो, एवढे ध्यानी असू द्यावे आणि पानात टाकू नये. ज्यांना हातभार लावावयाचा आहे, त्यांनी जत्रेच्या आदल्या सायंकाळी मंदिराच्या मागील बाजूस यावे. गोवऱ्या रचणे, वांगी चिरणे, पत्रावळी मोजणे अशी कामे असतात व त्यांस नावनोंदणी लागत नाही. पाण्याच्या टाक्यांशी मुलांना खेळू देऊ नये. पाणी वान धरणाकडून येते आणि जत्रेच्या दिवशी ते मोजकेच असते.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी पहाटे चार वाजता मी मागील अंगणात गेलो तेव्हा ते गृहस्थ गोवऱ्यांच्या आरापाशी बसून रोडगे उलटीत होते. दिवसभर ते तेथून हलले नाहीत. दुपारी पंगती सुरू झाल्या. पहिली बाहेरगावच्या भाविकांची, मग दिंड्यांची, मग गावाची. सायंकाळी पाचच्या सुमारास वाढप्यांची शेवटची पंगत बसली. त्यात ते होते, धुराने डोळे लाल झालेले. मीही त्याच पंगतीत होतो. भाजी संपत आली होती. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिले आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाले, "मले नको. रस्त्यावरच्या पोलिसाईले नेऊन दे, ते बाहेरगावचे हायेत."